अलीमियाँला येत होतं

बहारीनला आमच्या मंडळातल्या बायका कुणी मेणबत्त्या करायला शिकवायच्या, कुणी केक. मला त्यातलं काहीही जमत नाही आणि जमावं अशी इच्छाही कधी झाली नाही. म्हणून मी इंग्रजी शिकवायला घेतलं. अदलियातल्या आमच्या घरामागे एक रिकामी खोली होती. तिथे दर शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सात वर्ग. फी नाही, परीक्षा नाही, चहा माझ्या घरचा. एकोणीस माणसं यायची, बहुतेक रत्नागिरी-रायगडकडची. त्यातल्या अठरांना इंग्रजी शिकायचं नव्हतं, शिकतोय असं गावी कळवायचं होतं. एकोणिसावे अलीमियाँ खलफे.

तोंडावर मी त्यांना अहोजाहो करायची आणि पाहुण्यांसमोर ‘आमचा अलीमियाँ’. आता सत्तरीला टेकल्यावर निदान लिहिताना तरी ‘ते’ म्हणते. फार मोठे उपकार करते आहे, नाही का?

माणूस बाणकोटकडचा, सत्तेचाळीस वर्षांचा, बुटका आणि कमालीचा टापटीप. मुहर्रकच्या एका मोठ्या लाँड्रीत मॉर्निंग शिफ्टचा इन्चार्ज. विमानांतल्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळं तिथे धुऊन इस्त्री होऊन परत जायचं. एकोणीस वर्षं त्यांनी तिथे काढली होती. पहिली बारा वर्षं नुसते गठ्ठे उचलले, मग हळूहळू वर चढले. बायको महमुदा आणि मुलगी हिना गावी. दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी जायचं, बाकी संसार कॅसेटवर. म्हणजे हे इकडून टेपरेकॉर्डरसमोर बसून तासभर बोलायचे आणि गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून कॅसेट पाठवायचे. तिकडून महमुदाची यायची. त्या लाँड्रीत माझा नवरा शैलेंद्र मेंटेनन्स इंजिनिअर होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

पहिल्याच दिवशी अलीमियाँ फळ्याजवळ येऊन म्हणाले, “बाई, मना सगळा इंग्लिश नको. मना फक्त वेळेचा शिकवा.”

“घड्याळ?”

“घड्याळ येतो ओ! झाला, नाय झाला, चाललाय. हा लिवायला शिकवा.”

त्याचं असं होतं. लाँड्रीत दुपारी दोनला शिफ्ट बदलायची. मॉर्निंगवाल्यांची बस दोनला सुटायची आणि दुपारवाल्यांची सव्वादोनला यायची, त्यामुळे दोन इन्चार्ज एकमेकांना भेटायचेच नाहीत. एक पांढरा बोर्ड होता. जाणाऱ्यानं त्यावर मार्करनं लिहून जायचं की काय झालं आणि काय राहिलं. येणाऱ्यानं वाचायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि कामाला लागायचं. अलीमियाँ प्रत्येक गोष्टीला ‘ऑलरेडी’ लावायचे. कामगारांच्या कॅम्पात सगळेच लावतात. झालेल्याला ऑलरेडी, होणाऱ्याला ऑलरेडी, न झालेल्यालाही ऑलरेडी. एकदा त्यांनी बोर्डावर लिहिलं होतं, ‘बॉयलर ऑलरेडी रिपेअर टुमारो.’ मॅनेजरनं हसून हसून पोट धरलं आणि त्यांची वरची ग्रेड एक वर्ष पुढे ढकलली. त्या ग्रेडला फॅमिली व्हिसा होता.

तेव्हा शिकवलं मी. अहो, हाडाची शिक्षिका नसले तरी शिकवलं मन लावून. काम उरकलं असेल तर ऑलरेडी. व्हायचं राहिलं असेल तर नॉट येट. संपायचं नाव घेत नसेल तर स्टिल. ऑलरेडी बहुतेक वेळा क्रियापदाच्या पोटात बसतं, येटला शेवटी बसलं तरी चालतं. पहिले तीन महिने पालथ्या घड्यावर पाणी. ‘माय डॉटर ऑलरेडी विल बी मॅरीड’ काय, ‘आय स्टिल केम यस्टर्डे’ काय! मी लाल पेनानं वही नुसती रंगवून काढायची.

आणि घरी आल्यावर त्याच्या गोष्टी करायची. हे लिहिताना माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. गुरुवारी रात्री आमच्याकडे मैफिली जमायच्या, पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, बँकवाले, त्यांच्या बायका. शैलेंद्रच्याच कंपनीतला जयेश आणि त्याची बायको पूर्णिमा आले की आल्या आल्या विचारायचे, “अरुणा, या आठवड्याचा ऑलरेडी?” की झालं, मी सुरू. आवाज काढून, मान वाकडी करून, अगदी हुबेहूब. लोक सोफ्यावर लोळायचे. शैलेंद्र सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

ज्या गोष्टी मी सांगत होते त्या तोवर शिळ्या झाल्या होत्या. चौथ्या महिन्यात अलीमियाँनी स्वतःची एक युक्ती काढली. धुण्याच्या गठ्ठ्यांना पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधतात. त्यांनी त्या चिठ्ठ्यांवर पूर्ण वाक्यं लिहायला सुरुवात केली. धुतलेल्याला ‘ऑलरेडी वॉश्ड’, राहिलेल्याला ‘नॉट येट वॉश्ड’, ओल्याला ‘स्टिल वेट’. दिवसाला दोनशे चिठ्ठ्या. मुहर्रकच्या खोलीत सहाजण राहायचे, तिथे भाताच्या टोपाला चिठ्ठी, मोरीच्या दाराला चिठ्ठी. खोलीवाले वैतागून म्हणायचे, “चाचा, आमाला पन बांधा आता!” सहा महिन्यांत त्या माणसाची एक चूक होईना. मी मुद्दाम फसवी वाक्यं घालायची, वाक्याचा काळ उलटापालटा करायची. क्षणभर थांबायचे, बोटानं हवेत गाठ मारल्यासारखं करायचे आणि बरोबर शब्द बसवायचे. शेवटच्या दोन वह्यांत माझं लाल पेन कुठेही नाही. पण हे मी मैफिलीत कधी सांगितलं नाही. बरोबर लिहिणाऱ्या अलीमियाँला कोण हसणार?

फेब्रुवारी शहाण्णवमधला मंगळवार होता. चादरी सुकवून इस्त्री करायला तिथे मोठे तापलेले रोलर होते. समोर एक लोखंडी दांडी असायची, तिला गार्ड म्हणत. हात फार आत गेला आणि त्या दांडीला लागला की मशीन जागच्या जागी थांबायचं. ती दांडी मोडली होती म्हणून काढून दुरुस्तीला टाकली होती. अलीमियाँनी मशीन बंद केलं, बोर्डावर लिहिलं, ‘गार्ड नॉट येट फिक्स्ड’, आणि दोनच्या बसनं गेले. दुपारचा इन्चार्ज रजेवर होता. त्याच्या जागी शैलेंद्र उभा होता. विमान कंपनीचा माल अडकला होता आणि मॅनेजर दर दहा मिनिटांनी फोन करत होता.

रोलरवर ओवैस होता. चोवीस-पंचवीस वर्षांचा, अलीमियाँच्याच गावचा, त्यांनीच खटपट करून व्हिसा काढून आणलेला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यानं विचारलं, “साब, चालू करू?” शैलेंद्र म्हणाला, “यल्ला, चल, कर.”

ओवैसचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

त्या संध्याकाळी शैलेंद्र घरी आला तो बुटांसकट पलंगावर बसला. पाणी दिलं ते तसंच खाली ठेवलं. म्हणाला, “बोर्डावर होतं गं. नॉट येट. मी वाचलं होतं. म्हटलं, दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे, सांभाळून करतील.” मग लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला खरंच त्याचीच दया आली. ओवैसची नंतर आली.

गुरुवारी चौकशी झाली. त्या दिवशी घरी आला तो एकदम मोकळा. जेवायला बसला, आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. मी विचारलं, “काय झालं?”

“काही नाही. बोर्डावर ऑलरेडी फिक्स्ड लिहिलं होतं, असं सांगितलं.”

“कुणी?”

“मी. दुसरं कोण वाचणार होतं? बोर्ड तर मीच पुसला.”

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. “अरे, पण त्यांना येतं ते! शंभर टक्के येतं. त्यांची चूक होणंच शक्य नाही.”

“असेल,” तो म्हणाला. “पण मॅनेजर लगेच म्हणाला, हां, तोच ना तो ऑलरेडीवाला. जयेश चौकशीच्या कमिटीत बसला होता, तोही हसला. कुणी दुसरा प्रश्नसुद्धा विचारला नाही.” मग माझ्याकडे न बघता भात कालवत म्हणाला, “तूच तर सांगत असतेस सगळ्यांना.”

मी दुसऱ्या वाटीत त्याला ताक दिलं.

अलीमियाँनी चौकशीत वह्या नेल्या होत्या, सगळ्या सात. मॅनेजर म्हणाला, वहीत काय आहे ते आम्ही विचारलेलं नाही, बोर्डावर काय होतं ते विचारतोय. खलास. चौकशीपासून पाच दिवसांत नोकरी गेली, व्हिसा रद्द. त्यानंतरच्या शनिवारी दुपारी दोनचं विमान.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, ते वर्गाला आले. पाचच्या ठोक्याला, नेहमीसारखी इस्त्री केलेली पॅन्ट. एक प्रश्न विचारला नाही की वही उघडली नाही. सगळे गेल्यावर पुढे आले.

मी आधीच सुरू केलं, “अलीमियाँ, मला फार वाईट वाटलं. पण कंपनीच्या कामात मी काय बोलणार? तुम्हीच सांगा.”

“कंपनी नको ओ बाई. कंपनीचा झाला आता.” त्यांनी वह्या टेबलावर ठेवल्या. “मना एक कागद द्या. इंग्लिशमध्ये, तुमच्या सहीचा. का अलीमियाँ खलफेला हा शब्द येतो. त्याची चूक व्हायची नाय. बस.”

“कशाला हवाय?”

“गावाला.” ते खाली बघत म्हणाले. “ओवैसची आय दारात येऊन बसलीय आमच्या. महमुदाला इचारते, तुझ्या घोवाला लिवता येत नाय तर लिवला कशाला? माझा पोर त्याच्या हाती दिलेला. आता मी गेलो का जमात बसंल मशिदीत. तिथं माझ्या तोंडाचा कोन मानतो? पन कागद वाचतील. पुण्याच्या बाईंचा कागद हाय, मास्तरीणबाईंचा, मानतील.”

“साहेबांचं नाव...”

“साहेबांचा नाव नको!” ते घाईनं म्हणाले. “साहेबांनी काय वाचला, काय नाय, ता मना काय माहीत? मी साहेबांवर काय बोलत नाय. माझ्यापुरता लिवा. मना येतो, एवढाच.”

इतकं सरळ मागणं होतं. मी म्हटलं, थांबा, आलेच. आणि घरात गेले. शैलेंद्र वर्तमानपत्र वाचत होता. मी त्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “तो कागद उद्या गावात राहील, परवा मुंबईत एखाद्या वकिलाच्या हातात पडेल. त्या मुलाचा हात गेलाय, अरुणा. काहीतरी गुळमुळीत लिहून दे आणि वाटेला लाव.” मी दोन मिनिटंसुद्धा भांडले नाही. एरवी भाजीवाल्याशी पाव किलो भेंडीसाठी भांडणारी बाई मी.

लिहिलं गुळमुळीत. श्री. अलीमियाँ खलफे यांनी माझ्या वर्गात नियमित हजेरी लावली, ते प्रामाणिक, कष्टाळू आणि सद्वर्तनी आहेत, त्यांच्या भावी वाटचालीस शुभेच्छा. खाली लफ्फेदार सही. मला वाटलं, कागद हातात घेतील, सही बघतील आणि दुवा देत जातील. एवढी माझी अक्कल गहाण पडली होती. विसरलेच होते की त्या माणसाला वाचायला मीच शिकवलं होतं.

त्यांनी उभ्या उभ्या वाचला. बोट ओळीखालून सरकवत, सावकाश, एकेक शब्द. शेवटपर्यंत गेले. परत वर आले. दुसऱ्यांदा वाचला.

“बाई, यात ता नाय.”

“तुम्ही चांगले आहात असं लिहिलंय ना...”

“मी चांगला हाय ता गावाला ठाव हाय. मना येतो ता यात नाय.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं बघितलं असतं तर मी वाचले असते, चार शब्द उलट बोलता आले असते. ते नुसते वाट बघत होते. एखाद्या फसव्या वाक्यावर मी वाट बघायची ना, तसे. मी नजर दाराकडे वळवली. मग त्यांनी कागद नीट घडी घालून टेबलावर ठेवला. वह्या उचलल्या. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “उंद्या दोनचा विमान हाय. बारापर्यंत मी खोलीवर हाय मुहर्रकला. खालच्या दुकानाचा फोन नंबर तुमच्याकडं हाय. वाटला तर कळवा, मी येऊन नेन.”

शनिवारी शैलेंद्र साडेसहाला कामावर गेला. फोन हॉलमध्ये होता. मी सकाळभर घर आवरलं. कपाटं आवरली, फ्रीज पुसला, पडदे काढून धुवायला टाकले. बारा वाजले. साडेबारा वाजले. मग मी कुकर लावला.

वर्ग बंद केला नाही. बंद केला असता तर कारण विचारलं असतं लोकांनी. शैलेंद्र पुढच्या वर्षी सीनिअर झाला, आम्ही गाडी बदलली. गुरुवारच्या मैफिलीही चालू राहिल्या. जयेश एकदा म्हणाला, “बिचारा ऑलरेडी गेला,” आणि सगळे हसले. मी हसले नाही म्हणून कुणी मला शाबासकी देऊ नये. मी त्याला पान वाढत होते. शैलेंद्र चार वर्षांपूर्वी गेला. तो गेल्यावर हिला कंठ फुटला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. खरंच आहे ते.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी वर्गात एक नवा माणूस आला. पंचविशीचा, उंच, बोलायला तरतरीत. एका गोदामात स्टोअरकीपरच्या हाताखाली लागला होता. नाव यासीन. कुठला विचारलं तर म्हणाला, बाणकोटकडचा.

“आमच्या गावचे एक होते तुमच्याकडे,” तो म्हणाला. “अलीमियाँ चाचा. माझा भाऊ ओवैस त्यांच्याच कंपनीत होता. त्याचा हात गेला ना.”

“कसा आहे ओवैस?”

“बरा हाय. दुकानावर बसतो. डाव्या हातानं करतो सगळा.”

विचारू नये ते मी विचारलं. “आणि अलीमियाँ?”

“हायत. जमातीनं बोलना टाकलाय त्यांच्याशी. नमाजाला सगळ्यांच्या शेवटी येतात न सगळ्यांच्या आधी जातात. हिनाचा लगीन ठरलेला ना, तोपण मोडला.” तो जरा हसला, वाईट नव्हतं ते हसणं, सवयीचं होतं. “सुरवातीला वह्या घेऊन घरोघर फिरायचे. मना येत व्हता, मना येत व्हता, म्हनून सांगायचे. आता रस्त्यानं चालले का पोरं मागनं वरडतात, चाचा, येतो काय?”

वर्गात बाकीचे वह्या उघडून बसले होते. यासीननं नवी कोरी वही काढली, पहिल्या पानावर वर तारीख घातली. कुणी शिकवलं होतं कोण जाणे, अगदी टापटीप.

“आय म्हनाली, पयला इंग्लिश शीक, मग कामाला हात लाव,” तो म्हणाला. “बाई, आमच्या गावात अजून कुनाला धड माहीत नाय, चाचांनी चुकून लिवला तो शब्द कुठला. तुमाला माहीत असंल. मना तोच पयला शिकवा. माझ्या हातून तशी चूक नको.”

मला बोलता आलं असतं. शैलेंद्र त्या शुक्रवारी नेमका ड्यूटीवर होता, दार उघडं होतं, एकोणीस-वीस माणसं ऐकायला बसली होती, सगळी त्याच बाजूची. एका वाक्याचं काम होतं आणि इंग्रजीत नाही, मराठीत.

मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ऑलरेडी. यासीननं तो शब्द वहीत उतरवून घेतला आणि खाली दोन रेघा ओढल्या.